वडिलांसाठी ब्युरोकडून २४ तासांचा माणूस ठेवला, त्याचा १४ महिन्यांचा अनुभव (नाशिक रोड)

ब्युरो म्हणजे आजारी माणसाची काळजी घ्यायला घरी माणूस पुरवणारे. त्यांचं नाव लिहीत नाहीये. त्यांची तक्रार करायला मी बसलेली नाही, आणि जे चांगलं झालं ते त्यांच्यामुळे झालं असंही मला वाटत नाही. पण ज्यांच्या घरात डिमेन्शियाचं, म्हणजे विसरत जाण्याच्या आजाराचं माणूस आहे आणि जे आत्ता रात्री एक वाजता फोनवर 'घरी अटेंडंट पाहिजे' असं शोधतायत त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मी पण असंच शोधलं होतं आणि जे रिव्ह्यू सापडले ते सगळे दोन ओळींचे, सर्व्हिस चांगली आहे, स्टाफ नम्र आहे, संपलं. स्टाफ नम्र आहे म्हणजे तुमच्याशी नम्र आहे हो. तुम्ही दार लावून कामाला गेल्यावर ज्या माणसाला संध्याकाळी काही सांगता येणार नाही त्याच्याशी तो कसा आहे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि मला तेवढंच पाहिजे होतं.

आधी आमच्या अण्णांबद्दल. माझे वडील, वय ८०, करन्सी नोट प्रेसमध्ये चेकिंगला होते, १९६९ ते २००५. नाशिक रोडच्या लोकांना प्रेस म्हणजे काय ते सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते की इथे १९२८ पासून नोटा छापतात. अण्णांचं काम म्हणजे छापलेली शीटं नजरेखालून घालायची, कुठे शाई पसरली, कुठे रेघ हलली ते बघायचं, मोजायचं. ड्युटी सुटली की गेटवर हात वर करून झडती द्यायची आणि मग घरी. ३६ वर्षं रोज. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचेच बाबा असे झडती देऊन घरी येतात.

आई २०१८ ला गेली. २०२१ मध्ये अण्णा जवळच्याच बिटको चौकातून घरी यायचा रस्ता विसरले, मग एमआरआय झाला, ती तीस मार्कांची स्मरणाची टेस्ट झाली, त्यात १७ आले, अल्झायमर निघालं, डिमेन्शियाचाच एक प्रकार. भाऊ पुण्याला असतो, पैसे पाठवतो आणि मनापासून पाठवतो. मी देवळाली कॅम्पला एका शाळेत क्लार्क आहे. शेजारच्या काकू लक्ष ठेवायच्या म्हणून तीन वर्षं निभावलं, पण मग अण्णा रात्री उठून कडी काढायला लागले आणि ब्युरोला फोन करावाच लागला.

व्यवहाराचं पटकन सांगून टाकते. २४ तासांच्या माणसाचे रोजचे ८५०, १२ तासांच्याचे ६००. रजिस्ट्रेशनचे ३,०००, ते परत मिळत नाहीत. महिन्याला दोन सुट्ट्या, चहा-जेवण आपल्याकडे. माणूस पसंत पडला नाही तर आठ दिवसांत बदलून देतात असं फोनवर म्हणतात, आम्हाला एकदा पंधरा दिवस लागले. पोलीस व्हेरिफिकेशन झालंय असं सांगतात पण मागितल्यावर आधारची झेरॉक्स दाखवली, तेवढीच. ट्रेनिंग झालेला माणूस म्हणजे डायपर बदलता येतो, बीपी बघता येतं, गोळ्या वेळेवर देता येतात. हे सगळं खरंच येतं, त्यात खोट नाही.

आता पहिला मुलगा. असेल बावीस-तेवीस वर्षांचा. चपळ, स्वच्छ, मला ताई आणि अण्णांना आजोबा म्हणायचा. दुसऱ्याच दिवसापासून अण्णा रात्रभर शांत झोपायला लागले आणि मला इतकं हायसं वाटलं की मी भावाला फोन करून सांगितलं की देवमाणूस मिळालाय. आठवडाभराने लक्षात आलं की अण्णा दिवसासुद्धा झोपेतच असतात, जेवताना घास तोंडात तसाच राहतो, उठताना तोल जातो. डॉक्टरांनी झोपेची एक गोळी लिहून दिली होती, अगदीच आवरेनासे झाले तर अर्धी द्या म्हणून. मी स्ट्रिप काढली आणि मोजली. मी मोजणाऱ्याची मुलगी आहे. आठ दिवसांत सहा गोळ्या गेल्या होत्या, आणि मी एकही दिली नव्हती.

म्हाताऱ्या माणसाला अशा गोळीने गुंगी येते, पडून खुब्याचं हाड मोडतं, आणि डिमेन्शियात तर डॉक्टर अशी औषधं फार जपून देतात. हे मी त्याला ओरडून ओरडून सांगितलं. तो खाली बघत उभा राहिला आणि मग एवढंच म्हणाला, 'ताई, मी पण माणूस आहे ना, चोवीस तासात कधीतरी डोळा लागणार ना.' आणि पुढे म्हणाला की आधीच्या घरी त्या लोकांनीच त्याला सांगितलं होतं, आठला गोळी द्यायची म्हणजे सगळ्यांना झोप मिळते. मोठी शिकलेली माणसं होती म्हणे. म्हणजे हे तो चोरून करत नव्हता, त्याला ती रीतच वाटत होती. त्याचं मन त्याला खात नव्हतं, कारण ते खायला हवं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, उलट ज्यांच्याकडून शिकावं त्यांनी हेच शिकवलं.

मी त्याला त्याच दिवशी परत पाठवलं, आणि आजही पाठवलं असतं. पण त्याचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. ब्युरो एकाच माणसाला २४ तास ठेवते आणि आपण ते घेतो. अण्णा रात्रीतून पाच-सहा वेळा उठतात. मी त्या मुलाकडे काय मागत होते, की त्याने झोपू नये? आपल्याकडे म्हणतात ना, जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी. मी त्याच्याकडून मनाची अपेक्षा करत होते आणि त्याला मन शाबूत राहील इतकी झोपसुद्धा देत नव्हते. तेव्हापासून नियम केलाय, रात्री ११ ते ४ मी उठणार, माणसाने झोपायचं. तुम्ही २४ तासांचा माणूस ठेवणार असाल तर आधी हे ठरवा, रेटची घासाघीस नंतर करा.

दुसरे आले ते मामा. सिन्नरकडचे, पंचावन्नच्या आसपास, गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारीला जाणारे. कामात एकदम नेटके. अडचण वेगळीच निघाली. अण्णा दिवसातून चार-पाच वेळा विचारतात, 'ही कुठे गेली?' ही म्हणजे आई. आम्ही सगळे सांगायचो, येईल, भाजीला गेलीय. मामांनी सांगितलं, 'आई देवाघरी गेल्या, सात वर्षं झाली.' अण्णांसाठी ती आत्ताची बातमी. ते रडले, भिंतीकडे तोंड करून, अगदी २०१८ सारखे. तासाने विसरले आणि परत विचारलं, मामांनी परत तेच सांगितलं, परत रडणं. मी घरी आले तर डोळे सुजलेले आणि का ते अण्णांना माहीत नाही.

मी मामांना म्हटलं, असं नका सांगू हो. ते म्हणाले, 'ताई, माळ घातलीय, खोटं बोलवत नाही मला. तुम्ही म्हणाल तर गप्प बसतो, पण खोटं नाही.' मी चिडले खरी, पण त्या माणसाला काय म्हणणार? आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर तो उभा आहे ती मी रोजच्या ८५० रुपयांत मागत होते. आणि इथे मला पहिल्यांदा असं वाटलं की बाबा, मन जर ज्याचं त्याचं वेगळं तर मग बरोबर काय? त्या मुलाचं मन म्हणतं गोळी चालते, मामांचं मन म्हणतं खोटं चालत नाही, माझं मन म्हणतं खोटं चालतं पण रडवणं चालत नाही. मग सदसद्विवेकबुद्धी म्हणजे आवडीनिवडीसारखंच झालं की, कुणाला कारलं आवडतं कुणाला नाही.

यावर मी नंतर बरंच वाचलं, रात्री ११ ते ४ जागायचंच असतं. डिमेन्शियाच्या माणसाशी खोटं बोलावं का यावर जगभर वाद आहे. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला टॉम किटवुड म्हणून प्राध्यापक होते, डिमेन्शियात आधी माणूस बघा, आजार नंतर, हा विचार त्यांनी १९९० च्या दशकात रुजवला. अशा माणसाचं माणूसपण कशाकशाने झिजतं त्याची त्यांनी यादी केली होती, त्यात लहान मुलासारखं वागवणं आहे, तो समोर असताना तो नसल्यासारखं बोलणं आहे, घाईघाईत ओढून नेणं आहे, आणि फसवून काम करून घेणंही आहे. म्हणजे किटवुड मामांच्या बाजूचे निघाले. दुसरीकडे रोज काळजी घेणारी कितीतरी माणसं म्हणतात की ज्याला सत्य धरून ठेवता येत नाही त्याला ते पुन्हा पुन्हा फेकून मारण्यात कसलं आलंय सत्य.

मामांनी स्वतःच तोड काढली, तीनेक आठवडे लागले त्यांना. अण्णांनी विचारलं की ही कुठे गेली, तर मामा म्हणायचे, 'आठवण येतेय ना आईंची? सांगा ना, कशा होत्या?' आणि अण्णा सांगत बसायचे. खोटं नाही आणि घावही नाही. मी आधी त्यांना हट्टी म्हणत होते, पण तो माणूस रोज अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून आपली माळ आणि त्यांचं रडणं या दोन्हीतून वाट शोधत होता. नंतर त्यांचे गुडघे गेले म्हणून त्यांना काम सोडावं लागलं. जाताना अण्णांच्या पाया पडले. अण्णांनी विचारलं, आपण कोण.

मग नऊ दिवस कुणीच नव्हतं. हे लिहायचं नव्हतं मला, पण नाही लिहिलं तर वरचं सगळं दुसऱ्यांबद्दलच राहील आणि ते मला बरोबर वाटत नाही. सहाव्या की सातव्या रात्री तीन वाजता अण्णा पाचव्यांदा उठले, लघवी पँटमध्येच झालेली, आणि दाराशी जाऊन म्हणतायत ड्युटीला उशीर होतोय गेट उघडा. मी दंडाला धरून ओढलं, पलंगावर ढकललं आणि ओरडले, 'मरा आता एकदाचे.' हे मी बोलले. ते घाबरून बसले, मग पाच मिनिटांत विसरले, मला म्हणाले पाणी देता का, आणि झोपले.

कुणी पाहिलं नाही. तेव्हा घरात कॅमेरा नव्हता. ज्याला बोलले त्याला आठवत नाही. म्हणजे त्या घटनेचा जगात एकच साक्षीदार उरला, माझं मन. मी मोठ्याने कबूल केलं नाही तर ती घडलीच नाही असं धरायला काय हरकत आहे? मी खरंच हा विचार केला, सकाळी चहा टाकताना केला. मग चहाचा कप घेऊन गेले आणि हात पुढे केला तर अण्णांनी दंड मागे घेतला. रात्री जो धरला होता तोच दंड. शेजारच्या काकूंच्या हातून त्यांनी तोच कप घेतला आणि प्यायले. दोन दिवस असंच चाललं होतं.

याचाही अभ्यास झालाय हे मला मागाहून कळलं. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये अल्झायमरच्या पेशंटना आधी दुःखी आणि नंतर आनंदी प्रसंगांच्या क्लिप दाखवल्या. पाच मिनिटांनी काय पाहिलं ते त्यांना धड सांगता येईना, एकाला तर काही पाहिल्याचंच आठवेना, पण उदास वाटणं पुढे अर्ध्या तासापर्यंत टिकलं होतं. गोष्ट गेली आणि भावना राहिली. अण्णांच्या दंडात तर ती भावना रात्र उलटल्यावरही होती. तेव्हा ते कारल्याचं उदाहरण माझ्यापुरतं तिथेच बाद झालं. मन बोलतं ते आपल्या आत हे खरं, ते कसं बोलतं, किती मोठ्याने बोलतं, कुणाच्या शब्दांत बोलतं हेही ज्याचं त्याचं वेगळं, पण ते ज्याबद्दल बोलत असतं ती गोष्ट आपल्या आत नसते, ती समोरच्याच्या अंगावर असते. मी गप्प बसले असते तरी त्यांचा दंड तसाच मागे गेला असता.

आता मावशी. पेठ तालुक्यातल्या, वय त्यांनाही नक्की माहीत नाही, पन्नाशीच्या पुढे असतील. गेले नऊ महिने त्याच आहेत. अण्णांना बाबा म्हणतात. मावशींना खोट्याचं काही वाटत नाही. आई बाजारात गेल्यात, आई मुक्तिधामला दर्शनाला गेल्यात, आई माहेरी गेल्यात, रोज नवीन. पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी सहाच्या सुमाराला अण्णा दाराजवळ हात वर करून उभे राहिले. उजेड उतरायला लागला की यांची घालमेल वाढते, डॉक्टर त्याला सनडाउनिंग म्हणतात. आम्ही आजवर त्यांना, अहो अण्णा तुम्ही घरीच आहात, रिटायर होऊन वीस वर्षं झाली, असं समजावत धरून आत आणायचो आणि ते अजून बिथरायचे. मावशींनी मला विचारलं, हे असे का उभे राहतात. मी प्रेसचं सांगितलं, झडतीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मावशींनी त्यांची झडती घेतली. खांद्यापासून खाली दोन्ही बाजूंनी हात फिरवला, खिसे चाचपले आणि म्हणाल्या, 'जा साहेब, झालं.' अण्णांनी हात खाली घेतले, दोन पावलं टाकली, आणि घरी आल्यासारखे सोफ्यावर येऊन बसले. चहा मागितला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांची ड्युटी सुटली.

मामा हे करू शकले नसते, आणि मामांना जे आलं ते मावशींना सुचलं नसतं. मला आता या दोघांमधलं बरोबर कोण असं वाटत नाही. दोघंही बघत कुठे होते तर अण्णांच्या तोंडाकडे. तो मुलगा घड्याळाकडे बघत होता, आणि मी त्या रात्री माझ्या स्वतःच्या दमण्याकडे.

कॅमेऱ्याचं सांगायचं राहिलं. त्या मुलाच्या अनुभवानंतर मनात होतंच, मावशी आल्यावर बसवला, खोलीत, फोनवर दिसतो असला. रिव्ह्यू वाचणारे बरेच जण हेच विचारतील म्हणून सांगते. पहिल्या पंधरवड्यात एके दिवशी शाळेत असताना बघते तर स्क्रीन काळी. फोन लावला तर मावशी उचलत नाहीत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटी काढून घरी आले, मनात नको नको ते. दार उघडलं तर अण्णा अंघोळ करून, पावडर लावून, धुतलेला शर्ट घालून बसलेले आणि कॅमेऱ्यावर टॉवेल. मी विचारलं हे काय. मावशी म्हणाल्या, 'बाबांचं अंग पुसत होते, कपडे बदलत होते. ते तुमच्या फोनात कशाला? लेक असली तरी काय झालं, बापमाणूस आहे.' मी म्हटलं, अहो त्यांना कुठे कळतंय. तर म्हणाल्या, 'त्यांना नसेल कळत, मला कळतंय ना.'

मी दोन आठवडे शाळेत डबा खाताना माझ्या वडिलांना उघडं बघत होते आणि ते मला एकदाही खटकलं नव्हतं. मी त्याला काळजी म्हणत होते. कॅमेरा मी काढलेला नाही, दाराकडे तोंड करून ठेवलाय, कारण रात्री कडी काढली तर कळावं. पण कॅमेऱ्याने माणूस चांगला वागतो की नाही ते कळतं असं ज्यांना वाटतं त्यांना एवढंच सांगते की कॅमेऱ्यापुढे माणूस जनाची ठेवून वागतो. मनाची आहे की नाही हे मला ज्या दहा मिनिटांत कॅमेरा झाकलेला होता त्या दहा मिनिटांवरून कळलं.

आणखी एक प्रसंग लिहिते, कारण लोक मला विचारतात, तोंडावर विचारतात, की एवढं सगळं करतेस पण ते आता राहिलेत का तुझे वडील, त्यांना तर तुझं नावही माहीत नाही. नाव माहीत नाही हे खरंय. मला ते 'मॅडम' म्हणतात. मध्यंतरी माझ्या पर्समधून ५०० ची नोट खाली पडली. अण्णांनी ती उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, वॉटरमार्क बघितला, तार बघितली, कडेवरून अंगठा फिरवला. मग मावशींकडे जाऊन नोट पुढे केली आणि म्हणाले, 'मोजून घ्या, एक जास्ती आलीय.' प्रेसमध्ये एक जास्त भरली तरी कमी भरल्याइतकंच मोठं प्रकरण असायचं, हे ते आम्हाला लहानपणी सांगायचे. आईचं जाणं विसरले, माझं नाव विसरले, जेवण झालं की नाही ते विसरतात, पण जे आपलं नाही ते परत करायचं हे कुठे लिहिलंय माहीत नाही पण पुसलेलं नाही. आणि तेव्हा झडती घ्यायला दारात कुणी नव्हतं. बिस्कीट दिलं की अजूनही अर्धं मोडून आधी समोरच्याला देतात.

२०१५ मध्ये निना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स या दोघांनी अशा पेशंटच्या घरच्यांनाच विचारलं होतं की तुमचं माणूस तुम्हाला अजून तेच वाटतं का. त्यात अल्झायमरची घरं होती, एएलएसची होती, ज्यात शरीर जातं पण डोकं बऱ्याचदा शाबूत राहतं, आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची होती, ज्यात सुरुवातीला स्मरणशक्ती बरीचशी ठीक असते पण माया, लाज, दुसऱ्याची कदर हे आधी जातं. हे माणूस आता ते राहिलं नाही असं सगळ्यात जास्त वाटलं ते या शेवटच्या घरांना. स्मरण जाण्याने तेवढं वाटलं नाही, स्वभावातला चांगुलपणा बदलल्याने वाटलं. हे वाचून मी रडले, कारण आम्हाला हेच वाटत होतं आणि सांगता येत नव्हतं. पण लगेच त्या दुसऱ्या घरांचाही विचार आला. तिथे मेंदूचा पुढचा भाग झिजला म्हणून नवरा बायकोला लागेल असं बोलतो, दुकानातून वस्तू उचलून आणतो आणि त्याला काही वाटत नाही. त्याचं मन ग्वाही देईनासं झालंय म्हणून तो माणूस उरला नाही म्हणायचं का? मला तसं म्हणवत नाही. तिथे त्याच्या वाटचं मन दुसऱ्या कुणाला तरी सांभाळावं लागतं, जशी मावशींनी अण्णांच्या वाटची लाज सांभाळली. किटवुड म्हणायचे की माणूसपण हा दर्जा आहे आणि तो आजूबाजूच्या माणसांनी एकमेकांना द्यायचा असतो. मला हे अर्धंच पटतं. कारण दिलेली वस्तू काढूनही घेता येते, आणि ती ५०० ची नोट परत करताना अण्णांना कुणी काही देत नव्हतं, उलट तेच देत होते.

आता परत ब्युरोकडे येते. त्यांच्या कागदावर अट आहे की त्यांचा माणूस एक वर्ष तरी परस्पर ठेवायचा नाही. मावशींना ८५० मधले ६०० मिळतात हे मला चार महिन्यांनी कळलं. परस्पर ठेवलं असतं तर त्यांना जास्त मिळाले असते आणि माझेही वाचले असते, मैत्रिणी म्हणाल्या की सगळे हेच करतात, कुणाला कळतंय. सही मी केली होती. म्हणून ब्युरोत जाऊन समोरासमोर बोलले की नऊ महिन्यांत तुम्ही एकदाही घरी येऊन बघितलेलं नाही मग हे २५० कशाचे. बरीच हुज्जत झाली, शेवटी मावशींचे ६८० केले आणि सुट्टीच्या दिवशी बदली माणूस द्यायचं कबूल केलं. ते लेखी घेतलंय. तुम्ही पहिल्याच दिवशी घ्या.

घरच्यांनी म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं असेल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्यात मुलांना महिन्याला १०,००० पर्यंत पोटगी लावता येते, टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. १४५६७ ही सरकारी एल्डरलाइन आहे, फोन करायला पैसे पडत नाहीत. मला गरज पडली नाही पण नंबर फ्रिजवर लावून ठेवलाय, काकूंच्या घरीही लावलाय.

स्टार द्यायचे तर ब्युरोला पाचात अडीच. माणूस लवकर मिळतो, हिशोब चोख असतो, पण पाठवल्यावर विचारपूस शून्य, आणि एका माणसाला २४ तास जुंपणं मला आता मान्य नाही. मामा आणि मावशी यांना मी स्टार देणार नाही, तसलं त्यांचं काम नाही.

मावशी उद्या आठ दिवस गावी चालल्यात, आवणी आहे, भाताची लावणी. ब्युरोचा बदली माणूस सकाळी आठला येणार, पुरुष आहे, एवढंच माहीत आहे. त्याच्यासाठी कागदावर लिहून ठेवलंय, मावशींनी सांगितलं तसं. गोळ्या मी मोजल्यात आणि परत मोजणार आहे. चहात साखर अर्धा चमचा. उजव्या दंडाला धरून उठवू नका, कमरेला आधार द्या. कपडे बदलताना दार लोटून घ्या. आई कुठे विचारलं तर तुमच्या मनाला जे पटेल ते बोला पण रडवू नका. संध्याकाळी सहाला ते दाराजवळ हात वर करून उभे राहतील, तेव्हा झडती घ्यायची, खिसेसुद्धा बघायचे, आणि 'जा साहेब, झालं' असं म्हणायचं.